उलांडीच्या होडीतला काच

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

आज मी "मी येते" म्हणाले. का म्हणाले ते संध्याकाळपर्यंत विचार करूनही कळलं नाही.

सकाळी कमळाकर भाऊजी आले होते, ह्यांचे कारखान्यातले सोबती. त्यांना ठाण्याला नोकरी लागली, रविवारीसुद्धा जावं लागणार, म्हणून होडीच्या सरावाला येता येणार नाही, असं त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. हे म्हणाले, "नोकरी लागली हे बरं झालं." भाऊजी गेले आणि हे खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या भिंतीची मला धास्ती आहे. तळोज्याचा कारखाना मे महिन्यात बंद झाला. अख्खा पावसाळा ह्यांनी तिच्याकडे बघत काढला. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. शाळेच्या ऑफिसातून परत आले की मी किल्ली लावायच्या आधी दाराला कान लावायचे, आत काही आवाज आहे का म्हणून. कशाची भीती होती ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

दसऱ्यानंतर देवगडहून होडी आली. ह्यांच्या थोरल्या भावाची. ते गेल्यापासून माडाखाली पालथी पडून होती. गावच्या ट्रकवाल्याने ती पनवेल बंदरात आणून उतरवली, आणि त्या दिवशी ह्यांनी आपण होऊन दाढी केली. इथे बंदरावर तशी होडी कोणाकडे नाही. अरुंद आहे, एकामागे एक दोन माणसं बसतील एवढीच. एका बाजूला दोन आडवे बांबू काढलेत, त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारं लांबट लाकूड. ती उलांडी. तिच्यामुळे होडी उलटत नाही म्हणे. बंदरावरच्या क्रीडा मंडळाची सव्वीस जानेवारीला शर्यत आहे, इथून बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत, एका होडीत दोघं. ह्यांनी नाव देऊन ठेवलं होतं.

मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि म्हणाले, "मी येते तुमच्याबरोबर."

हे वळले. "तू? तुला टाकीत वाकून बघायची भीती वाटते."

"मग शिकवा."

खुर्ची वळली ते महत्त्वाचं. बाकी नंतर बघू. मला पोहता येत नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

जिवंत परत आले.

ह्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे बूच घट्ट लावून दोरीने माझ्या कमरेला बांधले. पडलीस तर तरंगशील, म्हणाले. मी पुढे, हे मागे. मी डोळे मिटून बसले होते. होडी सुटली तेव्हा उलांडी एकदा पाण्यावरून उचलली गेली आणि फटकन खाली आली. मी होडीची कडा घट्ट धरली.

"तिकडे झुकू नकोस. झुकायचंच झालं तर उलांडीच्या बाजूला," हे मागून म्हणाले. "आणि हाताने ओढू नकोस. कमरेतून वळ."

कमरेतून वळले. प्रत्येक वल्ह्याला अंग फळीवर इकडून तिकडे घासत होतं. घसा इतका कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, मधे चहाच्या रंगाचं पाणी, आणि खाली किती खोल कोणाला ठाऊक.

परत येताना हे मालवणीत काहीतरी गुणगुणत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

घरी येऊन आंघोळीला बसले तेव्हा कळलं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, आणि डब्यांची दोरी होती तिथे कमरेवर, कातडी लाल होऊन सोलवटली आहे. पाणी लागताच ओरडणार होते, पण बाहेर आमची लेक आभा अभ्यासाला बसली होती.

५ डिसेंबर, रविवार

काचणं म्हणजे काय ते आता कळलं. नव्या चपलेचा काच असतो, तो दोन दिवसांत जातो. हा जात नाही. सलवार ओली होते, तिच्यात खारं पाणी मुरतं, आणि मग शिवण करवतीसारखी चालते. एक वल्हं, एक घासा. बंदराच्या पुढचं वळण येईपर्यंत मला फक्त शिवण जाणवते. एका परीने बरं, खोल पाण्याचा विचार तरी येत नाही.

आज जाण्याआधी मांड्यांना टाल्कम पावडर लावली होती. तिचा चिखल झाला आणि चिखलाने जास्त घासलं. येताना स्कूटरवर नीट बसता येईना. हे विचारत होते, "अशी काय बसलीस, पडशील ना." मी म्हटलं, पाठ आखडली.

जागाच अशी आहे की कोणाला सांगणार.

८ डिसेंबर

ऑफिसात मी सारखी माठाकडे जाते. आज शिपाईण सखूबाई म्हणाली, "बाई, आख्खा माठ तुमीच संपवता. पोरांना काय उरत नाय."

मला हसायला आलं आणि भीतीही वाटली. भीती माणसाच्या अंगात अशी शिरते तर. सोमवारपासूनच रविवारची होडी डोळ्यांसमोर येते, घसा सुकतो, पाणी पिते, आणि मग सारखं बाथरूमला पळावं लागतं. हेडमास्तर परवा म्हणाले, कुमुदताई, तुम्ही टेबलावर कमीच सापडता. लहानपणी परीक्षेच्या आधी असंच व्हायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तेच.

मी मुळातच भित्री. हे कोणाला कळू द्यायचं नाही, ह्यांना तर मुळीच नाही.

१२ डिसेंबर, रविवार

आज खोबरेल तेल. सलवार काढून ह्यांची जुनी अर्धी चड्डी घातली, वर लांब कुर्ता. तेल पहिला अर्धा तास चाललं, मग पाण्याने धुऊन गेलं. चड्डीची शिवण नेमकी तिथेच येते. शिवणारे लोक हा विचारच करत नाहीत.

डब्यांच्या दोरीऐवजी जुन्या ओढणीची घडी बांधली. कमर वाचली. एक तरी जागा जिंकली.

वळणापाशी हे एकदम वल्हं थांबवून म्हणाले, "कुमुद, थांबायचं का आपण? तुला जमत नसेल तर बोल."

मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर तोंडावर सगळं दिसलं असतं. मला माहीत आहे ते कशासाठी विचारतात. मी हो म्हणाले की पुन्हा खुर्ची आणि भिंत.

"जमतंय की," मी म्हणाले. "तुम्हीच दमलात वाटतं."

काही वेळ वल्ह्याचा आवाज आला नाही. मग आला.

१६ डिसेंबर

आभाला घेऊन पनवेलच्या बाजारात गेले. खेळांच्या सामानाच्या दुकानात सायकलवाले घालतात तसल्या घट्ट, गुडघ्यापर्यंतच्या काळ्या चड्ड्या लावल्या होत्या. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" आभा म्हणाली, "नाही, आईसाठी." तो वरच्या फळीवर काहीतरी शोधायला लागला, बराच वेळ शोधत राहिला.

घरी आल्यावर आभा म्हणाली, "आई, तू खरंच बारीक झालीस गं. ही मीडियम तुला सैल होतेय."

बरं वाटलं. ऑफिसातही दोघी-तिघींनी विचारलं, काय डाएट करतेस म्हणून.

१९ डिसेंबर, रविवार

जमलं.

जे केलं ते लिहून ठेवते, पुढच्या खेपेला विसरायला नको. घट्ट चड्डी उलटी करून घातली, म्हणजे शिवणी बाहेरच्या बाजूला आल्या. आधी अंग कोरडं करून मांड्यांना आणि काखेला व्हॅसलिनचा जाड थर दिला, अगदी ओशट वाटेल इतका. फळीवर गोणपाट होतं ते काढून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, म्हणजे बूड फळीवर सरकत नाही, वळते ती कमर. बाही नसलेला बनियन वर. आणि बंदरात उतरल्या उतरल्या, स्कूटरवर बसायच्याही आधी, बरोबर नेलेल्या गोड्या पाण्याने पाय धुऊन कोरडे कपडे. मीठ अंगावर वाळू द्यायचंच नाही.

पार पुलाच्या पलीकडे जाऊन आलो आणि कातडी जशीच्या तशी. काख बरी, कमर बरी. उजव्या मांडीवरचा एक चट्टा तेवढा राहिला आहे, सर्वांत पहिला पडलेला. तोही आठवड्यात जाईल.

हे आज म्हणाले, "तुला गोडी लागली की काय?" मी हो म्हणाले. ते हसले नाहीत, मान हलवली फक्त.

२७ डिसेंबर

चट्टा जात नाही. काल काच अजिबात लागला नाही, तरी तो ओलाच आहे. कडा लाल आहेत. हळद लावली, जखमेचं मलम लावलं. नवीन काही घासत नाही, मग जुनं का बरं होत नाही?

बाथरूममध्ये मुंग्या फार झाल्यात. फिनेल ओतलं, पुन्हा आल्या. थंडीत कुठून येतात कोण जाणे.

ऑफिसात हजेरीपटातली नावं धूसर दिसतात. खाडीवरचं चकाकतं पाणी बघून डोळे बिघडले असतील.

२ जानेवारी १९९४, रविवार

हात थरथरत होते. वल्हं दोनदा पाण्यात उलटं पडलं. ह्यांनी पुन्हा विचारलं, "थांबायचं का?" ह्या वेळी आवाज वेगळा होता, मला वाटलं चिडलेत. मी म्हणाले, "एवढं केलं ते काय सोडायला?"

मी किती भ्यायले आहे ते ह्यांना कळत असेल का? वळणाच्या पुढे खाडी रुंद होते. तिथे पोचलो की उलांडी मोडून पडेल असं वाटतं. आज ती बांबूपाशी करकरली. मी उरलेला सगळा वेळ त्या करकरीकडे कान लावून होते.

चट्ट्याच्या मधे आता टणक लागतं.

९ जानेवारी, रविवार

डॉक्टरकडे जावं असं मनात आलं. आमच्या कॉलनीतले डॉक्टर पुरुष, वयाने लहान, आणि ह्यांच्याबरोबर गणपतीच्या वर्गणीला फिरतात. त्यांच्यापुढे ही जागा उघडी करायची? जुन्या पनवेलमध्ये डॉ. दिलशाद मुकादम म्हणून बाई आहेत, सखूबाई त्यांच्याकडे जाते. पण त्यांनी होडी बंद करा म्हटलं तर? सव्वीस तारखेनंतर जाईन.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला शेजारच्या बायका येऊन गेल्या. तिळाचे लाडू वळताना मीच किती खाल्ले. गोड खाल्लं की थोडी ताकद येईल असं वाटतं आणि तासाभरात पाय मेणाचे होतात. बायका बसलेल्या असताना मला डुलकी लागली. आभाने बाजू सांभाळली.

अंगात कणकण आहे. क्रोसिन घेतली.

२० जानेवारी

चालताना पाय फाकवून टाकावा लागतो. आभाला सांगितलं, पाळी आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, मागच्या आठवड्यातही तू हेच म्हणालीस."

चट्टा आता चट्टा नाही. हात लावला की गरम लागतं. वास येतो. मी व्हॅसलिन लावते, वर कापूस ठेवते, चिकटपट्टी मारते. शर्यतीपुरतं टिकलं की झालं.

आज पहिल्यांदा वाटलं की ही पाण्याची भीती नाही. हे लिहिलं आणि वही मिटली, मग पुन्हा उघडली. दुसरी कसली असेल ते मला बघायचं नाही.

३१ जानेवारी, सोमवार, नर्सिंग होम

हाताला सलाइन आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय. वही आभाने आणून दिली. वाचली नाही म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, म्हणजे वाचली.

तेवीस तारखेच्या रविवारी शेवटचा सराव होता. मला आठवतं ते एवढंच, की ओहोटी लागली होती, होडी आपोआप पळत होती, आणि मला कसलीच भीती वाटेनाशी झाली होती. पाणी छान दिसत होतं, जवळ होतं. बाकीचं ह्यांच्याकडून आणि एका मासेमाराकडून कळलं.

मी वल्हं सोडून दिलं. हे ओरडले, "कुमुद, वल्हं", आणि मी उलांडीच्या उलट्या बाजूला कलंडले. उलांडी पाण्याबाहेर आली. हे स्वतःचं वल्हं टाकून मागच्या आडव्या बांबूवर जाऊन पडले, अंगाचा सगळा भार तिकडे टाकला, आणि एका हाताने माझी वेणी धरून ठेवली. वेणी. दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणाले. होडी तशीच वाहत गेली. दोन्ही वल्ही गेली होती. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं, आणि हे हलले असते तर आम्ही दोघं उलटलो असतो.

उलव्याच्या बाजूला आनंदा नावाचा माणूस मासळीचं जाळं काढत होता. परवा तो मला बघायला आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "आमी बगितलं, होडी चालतेय पन वल्वतोय कोन? मानूस लाकडाला मिठी मारून पडलेला. मी हाक मारली तर हा म्हंतो, हात सोडता येत नाय. तेवडंच बोलत व्हता. हात सोडता येत नाय."

आनंदाने होडीला दोर बांधून ओढत किनाऱ्याला नेलं. चिखलातून दोघांनी मला फळीवर घालून काढलं, मग मासळीच्या टेम्पोतून इथे. टेम्पोत ह्यांनी सारखं एकच सांगितलं, बाई डॉक्टरांनाच बोलवा, ती दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. म्हणजे ह्यांना माहीत होतं. काय माहीत होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

१ फेब्रुवारी

डॉ. दिलशाद आज निवांत बसल्या. पन्नाशीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं धारदार पण हात मऊ.

"बहन, साखर पाचशेच्या वर होती," त्या म्हणाल्या. "मांडीत पू खोलवर गेला होता. कापून साफ करावं लागलं, सर्जनना बोलावून. आणखी दोन दिवस गेले असते तर मी तुमच्या घरच्यांशी वेगळं बोलले असते. तहान लागत होती?"

"भीतीने लागत होती."

"लघवी?"

"तीही भीतीनेच."

त्यांनी चष्मा लावला. "वजन? डोळे? थकवा?" मी प्रत्येकाचं कारण सांगत गेले. व्यायाम, ऊन, भीती. त्या कागदावर टिपत गेल्या. मग विचारलं, "घरात कोणाला डायबेटिस?"

"नाही."

"आई-वडील कशाने गेले?"

"वडील म्हातारपणाने. आईच्या पायात काटा मोडला होता. तो चिघळला, पाय कापला, मग ती गेली."

"साखर तपासली होती तिची?"

गावात कोण तपासणार होतं. मी हे म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला आठवलं. आई अंगणातल्या रांजणाशी उभी राहून तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. आम्ही मुलं हसायचो.

"तुम्हाला जी खाडीची भीती वाटत होती," डॉक्टर म्हणाल्या, "ती असेलच. पण सगळं तिच्यावर घालू नका."

त्या गेल्यावर मी खूप वेळ छताकडे बघत होते. मी भित्री नव्हते हे कळून हलकं वाटायला हवं होतं. उलट आता खरी भीती वाटते. पाण्यातून बाहेर येता येतं, ह्यातून कुठे येणार.

४ फेब्रुवारी

आज विचारलं. हे खाटेच्या पायाशी बसून संत्रं सोलत होते, मग मला चालत नाही हे आठवून स्वतःच खात होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लंगडतेस हे दिसत होतं. रक्ताचा डाग फळीवर होता, एकदा मी धुतला. वाटलं, बायकांचं काहीतरी असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"दर वेळी विचारत होतो, थांबायचं का म्हणून." त्यांनी संत्र्याची साल कागदात गुंडाळली. "तू पहाटे माझ्या आधी उठून बसायचीस. चड्डी काय आणलीस, ट्यूब काय लावलीस. म्हटलं, इतक्या वर्षांत हिने स्वतःसाठी एक गोष्ट धरली आहे, ती मी कशी काढून घेऊ. मला ती शर्यत केव्हाच नको झाली होती, कुमुद. कमळाकर सुटला तेव्हा खरं तर मला मोकळं वाटलं होतं."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात."

"मोकळा झालो तरी बसायला जागा तीच होती."

मला राग आला. मग रडू आलं, मग जखम दुखली म्हणून ते थांबवावं लागलं. सिस्टर येऊन ह्यांना ओरडून गेली, पेशंटला त्रास देऊ नका म्हणून.

१२ फेब्रुवारी, घरी

दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई. पहिली सुई ह्यांनी टोचायची ठरली होती. सिस्टरने शिकवलं होतं. पण घरी आल्यावर ह्यांचा हात इतका कापायला लागला की मी सुई काढून घेतली आणि स्वतःच पोटात टोचली. आभा दारात उभी होती.

जखम मात्र माझ्या हाताने होत नाही. ती शिवलेली नाही, आतून भरत यायला हवी म्हणून उघडी ठेवली आहे. रोज औषधात भिजवलेली गॉजची लांब वात चिमट्याने आत भरायची. मला ती जागा दिसतही नाही. नर्सला घरी बोलवायचं म्हटलं तर हे म्हणाले, मी करतो.

भर दिवसा, खिडकी उघडी, उजेड पाहिजे म्हणून. वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी तिथे उजेडात बघितलं नव्हतं. मी उशी तोंडावर घेतली.

"दुखतंय?"

"नाही."

"मग उशी कशाला?"

मी ती आणखी घट्ट धरली. वात पुष्कळ आत गेली. किती, ते मी विचारलं नाही. पण ह्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यावरून कळलं की बरीच खोल आहे.

२४ फेब्रुवारी

भीतीची नवी यादी झाली आहे. अनवाणी चालायचं नाही. नखं काळजीपूर्वक. जेवण चुकलं तर घाम येऊन चक्कर येईल, म्हणून पर्समध्ये गूळ. काल ऑफिसात टाचणी बोटाला लागली आणि मी अर्धा तास त्या बोटाकडे बघत बसले. आईचा पाय डोळ्यांपुढून हलत नाही.

ह्यांना खांदा कॉलनीत एका वर्कशॉपमध्ये हिशेबाचं काम मिळालं, दुपारनंतरचं. सकाळ ड्रेसिंगसाठी पाहिजे, असं त्यांनी तिथे सांगितलं म्हणे. मालकाने कोणाचं ड्रेसिंग विचारलं नाही.

होडी आनंदाकडेच आहे. तो म्हणतो, ऱ्हाउ द्या, पोरं खेळतात.

८ मार्च

आज उशी घेतली नाही.

हे पुढे वाकून काम करत होते. डोक्यावरचे केस मधे विरळ झालेत, हे मला वरून बघूनच कळलं. कपाळावर घामाचे थेंब होते. मी पदराने टिपले. त्यांनी "हलू नकोस" एवढंच म्हटलं. कोणी पत्र्याच्या डब्यावर बारीक अक्षर कोरत असावं तसा चिमटा धरतात.

साखर अजून वरखाली. डॉक्टर म्हणाल्या, जखम भरायला वेळ लागेल, घाई करू नका, घाबरा पण तपासायला येत राहा.

२० मार्च, रविवार

सकाळी नेहमीसारखं. पाणी उकळलं, चिमटा त्यात टाकला, आभा क्लासला गेली, खिडकी उघडली.

ह्यांनी वात उचलली. काही वेळ नुसता चिमट्याचा स्पर्श होत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जात नाही."

"म्हणजे? पुन्हा पू झाला?"

"नाही. वात आत जात नाहीये." त्यांनी पुन्हा एकदा टेकवून बघितली. "जागाच नाही, कुमुद. भरली."

मी आरसा मागितला. इतके दिवस एकदाही मागितला नव्हता. ह्यांनी दाढीचा आरसा आणून माझ्या पायांमधे धरला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. बोटाएवढी गुलाबी रेघ होती, कडेने थोडी चुरगळलेली. हात लावला. तिथली कातडी पातळ आणि नवी होती, आणि तिला माझं बोट कळत होतं.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ही आता पुन्हा कधी फाटेल.

हे चिमटा पुसून ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "उद्यापासून ड्रेसिंग नाही मग."

"नाही," मी म्हणाले. "पण बघत जा."

त्यांनी मागे वळून बघितलं.

"रोज?"

"रोज."